नाक टोचलंय, शेजारी पुटकुळी आलीये, आणि मार्गशीर्षात लग्न. कुणी नीट सांगेल का?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आधी डावं नाक टोचून घेतलं, आमच्या नेहमीच्या सोनाराकडेच, त्याने सोन्याची बारीक तार घालून दिलीये. लग्न मार्गशीर्षात आहे आणि होणाऱ्या सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंची मोत्याची नथ माझ्यासाठी काढून ठेवलीये, ती तारेची आहे, दाबाची नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. सुरुवातीला सगळं छान होतं, मला वाटलं बरं झालं एकदाचं, आणि आता मधूनच भोकाच्या शेजारी बाहेरच्या बाजूला एक गुलाबी पुटकुळी आलीये. सकाळी उठलं की तारेला पिवळट खपली धरलेली असते, ती काढली की थोडी पातळ लस येते आणि संध्याकाळपर्यंत परत तेच. एरवी दुखत नाही पण टॉवेल किंवा ड्रेसची बाही अडकली की डोळ्यातून पाणीच येतं. ताप नाही, सूज म्हणाल तर थोडीशी.

घरात प्रत्येकाचं वेगळंच. आई म्हणते हळद आणि खोबरेल तेल लाव. ताई म्हणते डेटॉलने पूस आणि वर सोफ्रामायसिन. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते तार रोज गोल फिरवायची नाहीतर आत चिकटते. मावशीने तर फोनवर सांगितलं की तार काढून टाक, लग्नानंतर बघू. मी सगळ्यांचं थोडं थोडं ऐकतेय आणि पुटकुळी काही बसत नाहीये.

हे पिकलंय का? डॉक्टरकडे जाऊ का? आणि मुख्य म्हणजे लग्नापर्यंत नथ घालता येईल का?

सोलापूरच्या काकू

अगं बाळा घाबरू नकोस, नाक म्हटलं की थोडं चिडतंच. आमच्या वेळी काय होतं गं, सोनार घरी यायचा, पाटावर बसवायचा, एक बाई डोकं धरायची आणि झालं. मग हळद खोबरेलात गरम करून कोमट कोमट थेंब सोडायचे, आणि तार बारीक असेल तर नंतर कडुनिंबाची कोवळी काडी घालून ठेवायची म्हणजे भोक मोठं होतं. माझं नाक, माझ्या दोन्ही जावांची नाकं, सगळ्यांची अशीच झाली, कुणाला पुटकुळी नाही न काही नाही. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते उगीच नाही, तू सोनाराकडे गेलीस हे बेस केलंस, ते मॉलमधलं टोचायच्या बंदुकीचं काम नको.

एक मात्र सांगते, तार काढू नकोस. मावशीचं ऐकू नकोस. नाकाचं भोक फार लवकर बुजतं, काल काढलं तर आज जाणार नाही अशी गत असते. आणि खड्याची चमकी एवढ्यात घालू नकोस, मागची फिरकी आत टोचत राहते.

मिरजची सिस्टर

मी स्टाफ नर्स आहे, ईएनटी ओपीडीला बरीच वर्षं काढलीत, असली नाकं आणि कान रोज बघते. फोटो नसल्यामुळे ठाम सांगणार नाही, पण तू जे लिहिलंयस त्यावरून तरी हे इन्फेक्शन कमी आणि चिडचिड जास्त वाटतेय. पातळ, पांढरट पिवळी लस येणं आणि ती वाळून तारेवर खपली होणं हे भरून येणाऱ्या जखमेचं नॉर्मल लक्षण आहे. लोक त्यालाच पू समजतात आणि मग जोरात उपचार सुरू करतात. पू म्हणजे घट्ट, पिवळा किंवा हिरवट, बहुतेक वेळा वास येणारा, आणि सोबत ठणका असतो, जागा गरम लागते, लाली रोज थोडी थोडी पसरत जाते. तसं काही दिसलं, ताप आला, किंवा सूज एवढी वाढली की तार आत रुतायला लागली, तर इथे विचारत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि एक, नाकाजवळची कुठलीही पुटकुळी पिळायची नाही. तिथलं इन्फेक्शन क्वचित शिरांमधून मेंदूच्या बाजूला जाऊ शकतं, क्वचितच, पण म्हणून पिळून बघण्यात काय अर्थ आहे.

आता ते तार फिरवण्याबद्दल, कारण मला वाटतं खरी गडबड तिथे आहे. टोचलेल्या भोकाच्या आत नवीन कातडीचं अस्तर तयार होत असतं, दोन्ही टोकांकडून आत आत. म्हणूनच बाहेरून बघितलं की वाटतं झालं बरं, आणि आत अजून कच्चं असतं. तू तार फिरवलीस की ते कोवळं अस्तर फाटतं, वरची वाळलेली खपली आत ओढली जाते, आणि शरीर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. चिकटेल वगैरे काही होत नाही. कानाच्या पाळीचं भोक सहा ते आठ आठवड्यांत भरतं, नाकपुडीला चार ते सहा महिने धरून चाल, आणि कानाच्या वरच्या कडक भागाला, बेंबीला सहा महिने ते वर्ष. तुझं अजून अर्धंही झालेलं नाहीये, त्यामुळे पुटकुळी आली याचं नवल वाटून घेऊ नकोस.

डेटॉल बंद. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हे पण नाही. जंतू मरतात हे खरं, पण सोबत नवीन येणाऱ्या पेशीही मरतात आणि कातडी कोरडी पडून तडकते. मलम पण नको, मलमाने भोक बुजल्यासारखं होतं, हवा लागत नाही, धूळ चिकटते, शिवाय सोफ्रामायसिन आणि त्या जातीच्या अँटिबायोटिक मलमांची बऱ्याच जणांना अॅलर्जी येते आणि मग खाज सुटली की लोकांना वाटतं इन्फेक्शन वाढलं, म्हणून अजून मलम. डॉक्टरने बघून दिलं तर वेगळी गोष्ट.

करायचं एवढंच की दिवसातून दोनदा हात साबणाने धुवून सलाईन. हो तेच, बाटलीतलं, नॉर्मल सलाईन ०.९ टक्के. मेडिकलमध्ये एनएस म्हटलं की १०० मिलीची बाटली मिळते, पण ती एकदा उघडली की निर्जंतुक राहत नाही, त्याच दिवशी संपवायची नाहीतर ओतून द्यायची. छोट्या प्लास्टिकच्या कुप्या मिळाल्या तर उत्तम, फक्त लेबलवर ०.९ लिहिलंय ते बघ, वाफेच्या मशीनसाठी ३ टक्केवाली पण येते ती नको. गॉजचा तुकडा भिजवून दोन-चार मिनिटं नाकावर धरायचा, आतून पण, खपली आपोआप मऊ पडेल तेवढीच पुसायची, जी सुटत नाही ती राहू दे. मग कोरड्या टिश्यूने टिपायचं. कापूस नको, त्याचे धागे तारेत अडकतात. टॉवेल तर बिलकुल नको.

आणि मधल्या वेळात हात लावायचा नाही. आरशात बघायला जायचं, बोट लावून बघायचं, कमी झालं का म्हणून, हे सगळ्यात जास्त नडतं.

चाफेकळी

सिस्टर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप थँक्यू. फिरवणं आजपासून बंद. सलाईन म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर स्टँड आणि बाटलीच आली, मेडिकलवाल्यानेपण विचारलं पेशंट कोण आहे. पण पुटकुळीचं काय? गुगल केलं तर सगळीकडे केलॉइड केलॉइड लिहिलंय आणि फोटो बघून झोप उडालीये. टी ट्री ऑइल लावा, अॅस्पिरिन वाटून लावा असं पण दिसलं. घरी मिठाचं पाणी केलं तर चालेल का?

टोरांटोकर

हाय, मी मूळची ठाण्याची, इथे आल्यावर नाक आणि कानाचं वरचं असं दोन्ही टोचून घेतलंय, त्यामुळे या विषयात जरा जास्तच वाचन झालंय, वैतागू नका. इथे पियर्सिंग स्टुडिओची आरोग्य खात्याकडून तपासणी होते, त्यामुळे पियर्सर तुमच्यासमोर सीलबंद पाकीट फोडून सुई काढतो, आणि वापरून झाली की थेट वापरलेल्या सुया टाकायच्या डब्यात. दागिना ऑटोक्लेव्ह केलेला असतो, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ डिग्रीला पंधराएक मिनिटं. आपल्याकडे सोनार तार स्पिरिटमध्ये बुडवतो किंवा ज्योतीवर धरतो, ते अगदीच काही नसण्यापेक्षा बरं, पण निर्जंतुक नाही म्हणता येत. काकू, सोनाराचा हात बंदुकीपेक्षा कधीही चांगला हे मला शंभर टक्के मान्य आहे, त्याला नेमकी जागा कळते. पण त्याने सुई नवी घेतली का हे विचारायलाच पाहिजे, हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, त्यात लाजायचं काय. आपण भाजीवाल्याला चार प्रश्न विचारतो.

घरच्या मिठाच्या पाण्याबद्दल: पूर्वी कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ असं सांगायचे. अमेरिकेत पियर्सर लोकांची एक असोसिएशन आहे, ते आता घरी करू नका, विकतचं स्टराइल सलाईनच घ्या म्हणतात, कारण प्रमाण कुणाचंच नीट जमत नाही. जास्त मीठ म्हणजे जास्त फायदा असं वाटून लोक चमचाभर टाकतात आणि कातडी सुकून पापुद्रे निघतात. अडलंच तर कर, पण मोजून.

टी ट्री, अॅस्पिरिन, टूथपेस्ट, लिंबू, काही म्हणजे काही लावू नकोस. असल्या पुटकुळ्या म्हणजे बहुतेक वेळा चिडून वर आलेलं मांस असतं, ज्याने चिडतंय ते थांबवलं की काही आठवड्यांत बसतं. केलॉइड वेगळं. ते जखमेची हद्द सोडून बाहेर वाढत जातं, कडक असतं, आणि बऱ्याचदा टोचल्यावर काही महिन्यांनी सुरू होतं. टोचल्यावर इतक्या लवकर आलेली मऊ गुलाबी पुटकुळी बहुतेक ते नसतं. तरी घरात कुणाला, आई, मामा, आत्या, ऑपरेशनच्या किंवा लस टोचल्याच्या जागी जाडसर वाढलेला व्रण आहे का विचारून घे, आपल्या कातडीत ते गोऱ्या लोकांपेक्षा जास्त होतं आणि घराण्यातही चालतं.

आणि धातू! हा मुद्दा कुणीच काढला नाही. तार किती कॅरेटची आहे? खाज येतेय का?

चाफेकळी

तार २२ कॅरेटची, आई म्हणाली आपल्याकडे नाकात हलकं सोनं घालत नाहीत. खाज नाही येत विशेष. मामाच्या छातीवर एक जाड व्रण आहे बहुतेक, विचारते.

टोरांटोकर

आईला सांगू नकोस पण नव्या जखमेसाठी इथले पियर्सर १८ कॅरेटच्या वरचं सोनं टाळतात, कारण ते मऊ असतं, त्यावर बारीक ओरखडे येतात आणि ओरखड्यात घाण बसते. अर्थात तुझी तार गुळगुळीत असेल आणि खाज नसेल तर आता बदलाबदली करू नकोस, त्यानेच जास्त चिडेल. निकेल हा खरा शत्रू. बेन्टेक्स, एक ग्रॅम सोनं, फॅन्सी चमक्या यात काय मिसळलंय कुणाला माहीत नसतं. निकेलची अॅलर्जी असली की खाज सुटते, पाणी सुटतं, आजूबाजूला पुरळ येतं, आणि दागिना काढेपर्यंत कितीही सलाईन घाला, फरक नाही. युरोपात टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून किती निकेल सुटलं तर चालेल याला कायद्याने मर्यादा आहे. इम्प्लांटसाठी वापरतात त्या ग्रेडचं टायटॅनियम सगळ्यात निर्धोक, ते हाडात स्क्रू म्हणून बसवतात तेच.

सोलापूरच्या काकू

हळदीला काय झालं हो सिस्टरबाई? डेटॉल नको समजलं, मलम नको समजलं, पण हळद तर जखमेवर पिढ्यान्‌पिढ्या लावतोय. आम्ही काय अडाणी होतो का.

मिरजची सिस्टर

काकू राग मानू नका, तुम्हाला अडाणी म्हणायची माझी काय टाप. हळदीत गुण आहेत, त्यावर वाद नाही. पण तुमच्या वेळची हळद घरी उकडून वाळवून कांडलेली, आणि आत्ताची पाकिटातली. खुल्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचं किती वेळा पकडलंय. शिवाय पूड ती पूड, तिचे कण भोकात जाऊन बसतात आणि तेलामुळे तिथेच चिकटून राहतात. जखम वरवरची असेल तर धुऊन निघतात, हे तर आरपार भोक आहे, त्यात दागिना. ज्यांची नाकं त्यानेही नीट झाली ती झालीच, त्यांची बरी व्हायचीच होती. ओपीडीत माझ्याकडे येतात ते बाकीचे.

काडीचं मात्र मी ऐकणार नाही. कडुनिंबाची असो, तुळशीची असो की खराट्याची, ओली काडी जखमेत फुगते, तिचे तंतू सुटतात, आणि झाडाची काडी म्हणजे माती आलीच, मातीबरोबर धनुर्वात. चाफेकळी, तुझं धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या दहा वर्षांत झालंय का ते बघून ठेव.

मामाचा व्रण जरूर विचार. खरंच केलॉइडची प्रवृत्ती असेल तर पुटकुळी वाढते का त्यावर लक्ष ठेव आणि स्किनच्या डॉक्टरला लवकर दाखव, सुरुवातीला स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बसवता येतं. नुसतं कापून काढलं तर बऱ्याचदा परत येतं आणि पहिल्यापेक्षा मोठं येतं.

सोलापूरच्या काकू

बरं बाई. हळद भाजीत घालू.

नथीचा तोरा

मी कोल्हापूरला ब्रायडल मेकअप करते. चाफेकळी, तुझ्यासारख्या दर सीझनला असतात, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू आणि नाकं टोचायला सुचतं ते भाद्रपदात. खरं तर नथीसाठी टोचायचं तर आधीच्या उन्हाळ्यात टोचावं. असो, झालं ते झालं.

स्पष्ट सांगते, मार्गशीर्षात जुनी तारेची नथ दिवसभर घालायचा विचार सोड. दोन कारणं. एक म्हणजे वजन, जुन्या नथीत मोती, खडे, सोन्याची जाडजूड गुंफण, ते सगळं एका कच्च्या भोकावर लटकणार, आणि नवरी दिवसभर मान खाली वर करते, हार घालते, वाकून नमस्कार करते. दुसरं म्हणजे तारेची जाडी. सोनाराने तुझ्या नाकात घातलेली तार बारीक असते आणि जुन्या नथीची तार तिच्यापेक्षा चांगली जाड असते. लग्नाच्या सकाळी घाईत ती घुसवतात, थोडं रक्त येतं, वरून फाउंडेशन फासतात, आणि पूजेपर्यंत नवरीचं नाक लाल टोमॅटो. बघितलंय मी.

मी काय करते, नथ घेऊन सोनाराकडे पाठवते. मोत्यांना हात न लावता मागची तार काढून तात्पुरता चाप बसवून देणारे कारागीर आहेत, लग्न झालं की परत तार. सासूबाईंना आधी विचारून घे हं, जुन्या दागिन्याला हात लावायचा म्हणजे काहींना आवडत नाही. चाप बसवला की नथ भोकाच्या खाली, नाकपुडीच्या कडेला धरायची, भोकावर दाब येता कामा नये. भोकात तुझी बारीक तार तशीच ठेवायची, ती लांबून दिसतही नाही. आणि चाप पण तास दोन तासच, विधी आणि फोटो झाले की काढ. रिसेप्शनला छोटी हलकी दाबाची.

अजून एक जे कुणाच्या लक्षात येत नाही ते म्हणजे हळद. काकू सॉरी, परत हळद आली. हळदीच्या दिवशी आत्या-माम्या दोन्ही हातांनी तोंडाला थापतात, त्यांना नाक-बिक काही दिसत नाही. त्यांना आधीच सांग की कपाळ, गाल, हात, पाय, नाक सोडून. सांगायला एक करवली उभी कर, तू नवरी असून ओरडलीस तर बरं दिसत नाही. लग्नाआधीचं फेशियल, ब्लीच, वाफ, यात पण नाक सोडायला सांग. मेकअपवालीला पहिल्याच मीटिंगमध्ये सांग म्हणजे ती भोकाच्या भोवती तेवढा भाग मोकळा ठेवेल, आणि स्पंज नवा वापरेल. डिसेंबरात सर्दी होतेच, तेव्हा रुमालाने खसाखसा पुसू नकोस, टिश्यूने टिप.

मिरजची सिस्टर

हे बरं सांगितलंत, मला लग्नातलं सुचलंच नसतं. चापाबद्दल एकच पुस्ती, तोवर पुटकुळी बसली नसेल तर त्या दिवशी सुद्धा चाप नको, सरळ नाक दाखवा आणि डॉक्टरला विचारा.

भिकबाळी पुणेकर

मध्येच घुसतोय, वेगळा धागा काढत नाही. मी मुलगा आहे पण विषय तोच. भावाच्या लग्नात फेट्याबरोबर घालायची म्हणून भिकबाळीसाठी उजवा कान वरच्या कडेला टोचून घेतला, एका दुकानात, बंदुकीने, दोन मिनिटांत झालं. आता परवापासून कानाचा वरचा भाग लालभडक आणि गरम आहे, सुजलाय, झोपताना त्या कुशीवर होता येत नाही. मजा म्हणजे खालची पाळी एकदम नॉर्मल. मित्राने मेडिकलमधून अॅमॉक्सिसिलिन आणून दिलंय, दोन दिवस घेतोय, फरक नाही. मी पण सलाईन सुरू करू का? आणि हेल्मेटचं काय करायचं, रोज बाईक आहे.

मिरजची सिस्टर

नाही. तू सलाईनबिलाईन करत बसू नकोस, आज ईएनटीला जा. आज म्हणजे आज, उद्या सुट्टी आहे म्हणून परवा असं नाही.

का ते सांगते म्हणजे पटेल. पाळी मऊ असते, तिच्यात रक्तपुरवठा भरपूर. वरच्या कडेला आत कूर्चा असते, म्हणजे तो कडक पण लवचिक भाग, आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला सगळं मिळतं. बंदूक बोथट टोकाचा टॉप्सच जोराने घुसवते, सुईसारखं स्वच्छ भोक पाडत नाही, कूर्चा चिरडते, आवरण सुटतं. शिवाय बंदुकीचं प्लास्टिक ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, म्हणून ती नुसती पुसतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला लावतात. अशा जागी बहुतेक वेळा स्युडोमोनास नावाचा जंतू बसतो, ओल असेल तिथे राहणारा, आणि त्याच्यावर अॅमॉक्सिसिलिन चालतच नाही, म्हणून तुला फरक नाहीये. त्याला वेगळं औषध लागतं ते डॉक्टर ठरवतील, तू मेडिकलमधून दुसरं आणू नकोस. वरचा कान लाल आणि पाळी मात्र बरी, हे तू मजा म्हणून लिहिलंस, पण ओपीडीत आम्ही नेमकं तेच बघतो, पाळीत कूर्चा नाही म्हणून ती सुटते. आत पू साठून राहिला तर कूर्चा विरघळते आणि कान आक्रसतो. तालमीतल्या पैलवानांचे मुडपलेले कान बघितलेस ना, त्यांना मार लागून होतं, तुला पुवाने होईल, आणि ते पूर्वीसारखं करायला प्लास्टिक सर्जरी लागते.

बाळी स्वतः काढू नकोस, भोक बुजलं तर पू आतच कोंडतो. काढायची का ठेवायची ते डॉक्टर बघतील. मधुमेह आहे का? असेल तर आधी सांग त्यांना.

टोरांटोकर

सिस्टरना हजार लाइक्स. भिकबाळीवाला, जाऊन आलास की लिही इथे. बंदुकीने पाळीसुद्धा टोचू नये असं माझं मत आहे आणि वरचा कान तर नाहीच नाही. दुकानं फुकट टोचून देतात कारण त्यांना टॉप्स खपवायचे असतात.

चाफेकळी

अपडेट. फिरवणं बंद, डेटॉल बंद, फक्त सलाईन, आणि आईला हा धागा वाचून दाखवला, ती काकूंच्या बाजूने आहे पण गप्प बसलीये. खपली निम्म्याने कमी झालीये. पुटकुळी आहे अजून पण रंग उतरलाय. मामाचा व्रण लहानपणी भाजल्याचा निघाला आणि इतक्या वर्षांत वाढलेला नाही, तरी स्किनच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीये. नथीचं सासूबाईंशी बोलले तर त्या म्हणाल्या चाप बसव की, त्यांनी स्वतःच्या लग्नात नाक न टोचता तीच नथ मेणाने चिकटवली होती म्हणे!! हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर.

नथीचा तोरा

मेण नको हं, ते सप्तपदीला वितळून खाली येतं.

भिकबाळी पुणेकर

जाऊन आलो त्याच संध्याकाळी. डॉक्टरांनी कान बघितला आणि पहिलं वाक्य, बंदूक का? सुदैवाने पू साठला नव्हता, बाळी त्यांनीच काढली, गोळ्या बदलल्या, आणि दोन दिवसांनी परत बोलावलं होतं तेव्हा सूज बरीच उतरलेली. लग्नात दाबाची भिकबाळी घालणार, मिळते तुळशीबागेत. वहिनी म्हणाली फेट्याखाली कुणाला कळणार आहे. दोन प्रश्न राहिले. हेल्मेट, आणि आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे पुढच्या महिन्यात, दरवर्षी देतो, देऊ शकतो ना?

मिरजची सिस्टर

बरं वाटलं वाचून. गोळ्या सांगितल्या तेवढे दिवस पूर्ण घे, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस.

रक्तदान यंदा नाही. टोचून घेतल्यावर साधारण वर्षभर घेत नाहीत, टॅटूचं पण तसंच. शिबिराच्या फॉर्मवर तो प्रश्न असतो, खरं लिही. शिवाय सध्या तू अँटिबायोटिकवर आहेस, त्यामुळेही नाहीच.

हेल्मेट घालायचंच, कानासाठी डोकं उघडं ठेवू नकोस. एक साइज मोठं घेऊ नकोस, सैल हेल्मेट कामाचं नाही. पुढून उघडणारं फ्लिपअप मिळालं तर कानावरून ओढत घालावं लागत नाही, ते घालताना पट्ट्या दोन्ही हातांनी बाहेर फाकवून मग डोकं आत घाल. आतलं अस्तर निघतं ते काढून दर आठवड्याला धू, घाम आणि केसांचं तेल सगळं त्यात असतं. तोवर सूज पूर्ण उतरेपर्यंत बसने जा, पीएमपीला शिव्या घालत.